काच पुसायचं पाणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

लेकीने ही वही दिली तेव्हा म्हणाली होती, "बाबा, तुम्ही हल्ली कुणाशी बोलत नाही, निदान लिहा तरी." तेव्हापासून वही कपाटात पडून होती. आज घर रिकामं आहे म्हणून बाहेर काढली.

ही सकाळच्या गाडीने ताईकडे गेली. (वहीत 'बायको' लिहायला मला अवघड वाटतं, तेव्हा 'ही' म्हणजे तीच.) ताईच्या, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आठवडाभर तरी मुक्काम. निघताना दारात उभी राहून सूचनांचा भडिमार चालला होता. दूध, कुंड्या, गच्चीचं दार. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होतो. चपला घालून झाल्यावर ती पुन्हा काढून स्वयंपाकघरात गेली आणि मला आत बोलावलं.

"बाकी सगळं विसरलात तरी चालेल," म्हणाली, "पण याचं रोज एक पान काढायचं. सकाळी चहा झाला की लगेच."

हे म्हणजे तिचा प्रिंटर. घरोघरी असतो तसाच दिसतो, पण त्यात शाई खायच्या रंगांची असते आणि कागद साखरेचा. वाढदिवसाच्या मुलाचा फोटो त्यावर छापायचा आणि केकवर चिकटवायचा, हा हिचा गेली काही वर्षं चाललेला उद्योग. तिच्या हातचा केक लोक डोळे झाकून खातात. प्रिंटर बाहेर टेबलावर ठेवायला ती तयार नाही, तो ओट्याशेजारी, डब्यांच्या रांगेत. "हे यंत्र समजू नका, भांडं समजा," असं तिचं म्हणणं. ज्या फडक्याने फरशी पुसली ते फडकं त्याच्या आसपास दिसलं तर आमची खैर नाही.

शाईत साखर असते, त्यामुळे दोन-चार दिवस काही छापलं नाही तर ती वाळून हेडची भोकं बुजतात. हेड म्हणजे शाई उडवणारा भाग. म्हणून रोज एक चाचणीचं पान, साध्या कागदावर. चार रंगांच्या चार जाळ्या उमटल्या की काम झालं.

मी तिला सांगितलं की पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात मी आयुष्यभर तपासणीला होतो. एक पान तपासणं मला जमेल. ती हसली. कारखाना बंद झाल्यापासून मी तो विषय काढला की ती अशीच हसते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पान काढलं. चारी जाळ्या स्वच्छ. पानावर तारीख घालून सही केली. सवय जात नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

हिचा फोन आला. ताई आता काठी घेऊन चालते. मग म्हणाली, "पान काढताय ना?"

"काढतोय की."

"चारी रंग?"

"चारी. ठणठणीत."

मंगळवारनंतर मी एकही पान काढलेलं नाही. कामात होतो असंही नाही. सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसलो की वाटायचं, उठू जरा वेळाने. मला मागे ठेवलं ते एका डब्याची राखण करायला, हा राग होता थोडासा. तिला सांगायचा तर हास्यास्पद वाटला असता, म्हणून कागदाला सांगतो आहे. फोन ठेवल्यावर लगेच उठून पान काढायला हवं होतं. पण आत्ताच खोटं बोललो आणि आत्ताच ते उघडं पडलेलं बघायचं, हे धाडस झालं नाही. उद्या बघतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज पाहिलं. गुलाबी रंग पार गायब. पिवळ्याची जाळी दात पडलेल्या फणीसारखी. ठमीचा, म्हणजे लेकीच्या मुलीचा, फोटो साध्या कागदावर छापून पाहिला तर पोर हिरवट पिवळी, आठवडाभर तापात असल्यासारखी.

ही परवा येते आहे. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या मुलाचा वाढदिवस, त्याचा अंतराळवीराच्या पोशाखातला फोटो केकवर घालायचा आहे.

हेड साफ करायचं बटण असतं, ते दाबत राहिलो. यंत्र घरघरतं, घसा खाकरतं आणि पुन्हा तसंच पान देतं. प्रत्येक वेळी शाई मात्र खाली जाते. हिने फडताळात खायच्या शाईसाठी म्हणून धुण्याच्या पाण्याची खास बाटली ठेवली आहे. ती वाडग्यात ओतली, हेड काढून त्यात ठेवलं, आणि टॉवेल घ्यायला वळलो तर कोपराच्या धक्क्याने वाडगा सगळा सिंकमध्ये. हेड वाचलं. पाणी गेलं. नवी बाटली मागवायची तर यायला चार दिवस, आणि का मागवली तेही सांगावं लागणार.

माझा बाप म्हणायचा, तुझ्या हातात दिलेली वस्तू दोन तुकड्यांत परत येते. कारखान्यात मला तपासणीला घेतलं, जोडणीला घेतलं नाही, ते उगीच नसावं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सगळं सविस्तर लिहितो. लिहिलं नाही तर उद्यापर्यंत मीच ते वेगळं आठवायला लागेन.

सकाळी कोमट पाणी घेतलं. टिश्यू पेपरची घडी भिजवून तिच्यावर हेड टेकवून ठेवलं. हा उपाय चांगला आहे. निळा, काळा, पिवळा हळूहळू उतरले, कागदावर पट्टे उमटले. गुलाबी हटून बसला. दुपारपर्यंत पाणी बदलत राहिलो. तो काही हलेना.

मग फोनवर व्हिडिओ लावला. दाढीवाला एक गृहस्थ अगदी शांतपणे समजावून सांगत होता की काच पुसायचं निळं पाणी वापरा, त्यात अमोनिया असतो, वाळलेली शाई झटकन सुटते. तो कागद छापणाऱ्या प्रिंटरबद्दल बोलत होता. हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं इथे लिहायचं असेल तर वही कशाला.

सिंकखालून बाटली काढली. जन्म लेबलं वाचण्यात गेला, तेव्हा हेही वाचलं. खाद्यपदार्थांपासून आणि मुलांपासून दूर ठेवा, असं ठळक अक्षरांत. मी बाटली फिरवून लेबल भिंतीकडे केलं आणि झाकण उघडलं. ते कोणासाठी फिरवलं, स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं.

ड्रॉपरने थेंब थेंब सोडले. थोड्या वेळाने गुलाबी रंग धाग्यासारखा खाली उतरायला लागला. हेड बसवलं, पान काढलं. चारी जाळ्या अशा स्वच्छ की नव्या मशीनच्या असाव्यात. मला आनंद झाला. तो काही क्षण निव्वळ आनंद होता, माझ्या हातून काहीतरी दुरुस्त झालं याचा.

नंतर भीती. हेड पुन्हा काढून उकळून गार केलेल्या पाण्याने धुतलं. पुन्हा धुतलं. शाईच्या नळीत काही परत गेलं असेल का, आतल्या स्पंजमध्ये मुरलं असेल का, हे बाहेरून दिसत नाही.

संध्याकाळी लेक ठमीला घेऊन आली. आत पाऊल टाकताच म्हणाली, "काचा पुसल्यात का बाबा? वास येतोय."

"हो, पुसल्या."

त्या गेल्यावर मी घरातल्या सगळ्या काचा पुसून काढल्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ही आली. बॅग ठेवायच्या आधी तिने पान काढून पाहिलं. मग खिडक्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"मी नसताना हे घर जास्त नीट चालतं वाटतं."

मी म्हटलं, "तुझं आपलं काहीतरीच."

सांगायचं ठरवलं होतं. तिने चहा घेतला की लगेच, असं. पण चहा घेता घेता तिने ताईला फोन लावला, पोचले म्हणून कळवायला, आणि मी समोर बसलेला असतानाच म्हणाली, "अगं, माझ्या माघारी यांनी मशीन इतकं छान सांभाळलं. मला वाटलं होतं येऊन दोन दिवस तेच निस्तरावं लागेल." पलीकडून ताई काहीतरी बोलली. ही म्हणाली, "नाही गं, मनावर घेतलं की करतात ते."

कारखाना बंद झाल्यापासून माझ्याबद्दल कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. चहा निवून गेला. सांगितलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

नर्सबाईंचा केक गेला. दाणे, बदाम मुलाला चालतात ना, हे हिने पुन्हा एकदा फोन करून विचारून घेतलं. प्रत्येकाला विचारते. छापलेल्या कागदाची कड कापली की त्यातला एक तुकडा आधी स्वतः जिभेवर ठेवायचा, मगच बाकीचा केकवर, ही तिची पद्धत आहे. आजही ठेवला. मी खिडकीबाहेर बघत उभा होतो. तिने भुवया जराशा आवळल्या असं मला वाटलं, पण मी बघतच नव्हतो, तर वाटलं कुठून.

"रंग मस्त आलेत," एवढंच म्हणाली.

खालून गाण्याचा, टाळ्यांचा आवाज येत होता. आम्हालाही बोलावलं होतं. पाठ दुखते म्हणून मी गेलो नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मी स्वतः खाऊन बघतो आहे. ही बाजारात गेली की कापून उरलेल्या कडा खातो, नाहीतर लहानसं चित्र छापून खातो. काल अर्धं रॉकेट आणि कोणाचा तरी कान खाल्ला. चव साखरेची, बाकी काही नाही. पोट जड वाटतं, पण ते पोटात भीती असल्यामुळेही असेल.

आज जिन्यात नर्सबाई भेटल्या. ताट परत द्यायला येत होत्या. मुलगा कसा आहे विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी दोनदा उलटी झाली, आता बरा आहे. त्याच्या वर्गात बऱ्याच मुलांची पोटं बिघडलीत. साथ आहे."

"बऱ्याच म्हणजे किती?"

"काका, तुम्ही साथ मोजायला निघालात की काय?" त्या हसायला लागल्या.

माझा जीव भांड्यात पडला. साथ आहे. नर्सच म्हणते म्हटल्यावर साथच असणार. वर येऊन पाणी प्यायलो आणि मग लक्षात आलं की त्यांना जे माहीत नाही ते मला माहीत आहे, आणि ते माहीत नसतानाच त्या साथ म्हणाल्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

साखरेचे कागद कमी झाल्याचं हिच्या लक्षात आलं. डस्टबिनमध्ये चघळलेला एक कोपराही सापडला. माझी रक्तातली साखर गेल्या तपासणीत काठावर होती, त्यामुळे तिने जो अर्थ लावायचा तो लावला.

"या वयात चोरून खाता? आणि तेही माझ्या कामाचं?"

मी मान खाली घातली. एका गुन्ह्यामागे दुसरा लपवायला मिळाला म्हणून मला बरं वाटलं, ही माझी अवस्था. ती बोलत राहिली, मग थांबली. समोर स्टूल ओढून बसली.

"मनात काही आहे का?" म्हणाली. "कारखान्याचं असेल, माझं काही चुकलं असेल. जेवत नाही, झोपत नाही, आणि ओट्याशी घुटमळत असता. काहीही असलं तरी सांगा. मी ऐकून घेईन."

"काही नाही. गोड खावंसं वाटतं, इतकंच."

तिने उठून साखरेचे कागद वरच्या फळीवर ठेवले. मला वाटतं, तिचा विश्वास बसला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बालवाडीच्या बाई येऊन गेल्या. वर्ष संपतंय, मुलांना निरोप द्यायचा आहे. एक मोठा केक, त्याचे चौकोन, प्रत्येक चौकोनावर एकेका मुलाचा चेहरा. ज्याने त्याने आपला चेहरा शोधायचा आणि खायचा. बाई फोटो दाखवत होत्या. एकाचे समोरचे दात पडलेले, एकीने डोळे घट्ट मिटलेले. सगळी पाच-सहा वर्षांची.

हिने सगळं लिहून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवून बाईंना म्हणाली, "छपाई आता हे बघतात. कारखान्यात तपासणीला होते. यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही."

बाई माझ्याकडे बघून कौतुकाने हसल्या. मीही हसलो. काय करणार.

त्या गेल्यापासून डोक्यात हिशोब चालू आहे. ते निळं पाणी घातल्यापासून इतकी शाई हेडमधून गेली आहे. थेंबभर काही उरलं असेल तर ते कधीच वाहून गेलं. मी खाल्लं, हिने चाखलं, कोणाला काही झालं नाही, आणि तो मुलगा साथीने आजारी पडला. कारखान्यात असा हिशोब घेऊन कोणी माझ्यापुढे आला असता तर त्याला मी दारातूनच परत पाठवला असता. खात्री नसेल तर माल बाजूला काढायचा, हे मीच नव्या लोकांना शिकवायचो.

हेडला वीज पोचवणारी चपटी पट्टी उपटून टाकावी असंही मनात आलं. बिघडलं म्हणायचं. मशीन जुनं आहे, संशय यायचा नाही. मुलं वाचतील, मीही वाचेन. पट्टीला हात लावून आलो. उपटली नाही, कारण नवं हेड आणायची धावपळ तिलाच करावी लागली असती. हे कारण मला तेव्हा चांगलं वाटलं होतं. आता लिहिल्यावर वाटतं, मला फक्त पुन्हा एकदा दुरुस्तीची वेळ यायला नको होती.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उद्या छपाई. आज सांगणार होतो. ही दिवसभर गुणगुणत होती.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मी छापत होतो, ही कापत होती. चेहरे एकामागून एक बाहेर येत होते, हसरे, रडवे, दात पडलेले. रंग अप्रतिम. लेकीला काम होतं म्हणून ती ठमीला आमच्याकडे सोडून गेली होती. ठमी अडीच वर्षांची आहे, तिला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं होतं. ती प्रत्येक चेहऱ्याला नाव विचारत होती आणि आम्ही वाटेल ती सांगत होतो.

एक चेहरा कापताना तिरका गेला. हिने तो उचलून ठमीच्या हातात दिला. "घे, हा तुझा."

ठमीने तोंड उघडलं. माझा हात कधी गेला मला कळलं नाही. फटकाच बसला तिच्या हातावर. कागद उडून गॅसखाली गेला. ठमी आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने रडायला लागली. तिला मी आजवर कधी बोट लावलेलं नव्हतं.

हिने तिला उचललं. पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघेल असं वाटलं होतं, पण ती नुसती बघत होती.

"काय आहे त्यात?" तिने विचारलं.

मी सांगितलं. पान काढलं नाही ते, खास पाणी सांडलं ते, दाढीवाला, निळी बाटली, काचा का पुसल्या ते. मधे एकदाही थांबवलं नाही तिने. ठमीचे हुंदके तेवढे येत होते.

"कधी?"

"तू यायच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे नर्सबाईंच्या मुलाच्या केकच्या आधी."

"हो."

"तेव्हा हात नाही उठला तुमचा."

खाली बसलो, तिथेच फरशीवर.

तिने ठमीचे हात साबणाने धुतले, तिच्यापुढे तिच्या बाहुल्या ठेवल्या. मग सगळे चेहरे गोळा करून पिशवीत भरले आणि पिशवीला गाठ मारली. मशीनची वायर काढली. आणि फोन घेतला.

बालवाडीच्या बाईंना म्हणाली, "फोटोचा केक जमणार नाही. माझ्या मशीनमध्ये धुताना चुकीचं पाणी गेलं. खाण्यासारखं राहिलं नाही ते. साधा केक हवा असेल तर करून देते, नको असेल तरी समजू शकते."

मग नर्सबाईंना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं, कोणतं पाणी, कोणत्या तारखेला. फक्त करणारा बदलला. "हो, माझ्याच हातून. नाही हो, घरात दुसरं कोणी हात लावत नाही मशीनला."

लिहायला लाज वाटते, पण ते ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली. तिचा फोन संपायच्या आत आली, पण नंतर आली. मी उठून फोन मागितला असता तर तिने दिला असता. मी फरशीवर बसून होतो.

रविवार, २ मार्च

बालवाडीच्या बाईंनी साधा केकही नको म्हणून कळवलं. दुसरीकडे सांगितलाय म्हणे. पुढच्या आठवड्यातल्या एका केकचाही नकार आला. नर्सबाईंकडून कळलं असेल, किंवा त्यांच्याकडून कोणाला. हिने दोन्ही वेळा "बरं" म्हटलं आणि आपल्या कामाला लागली. माझ्याशी ती बोलते. जेवायला वाढते, पेपर झाला का विचारते. काल मशीन ओट्याशेजारून उचलून तिने बाहेर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "आता यात कागदच छापता येईल," म्हणाली. "तुम्हाला लागेल तसं वापरा." जिथे ते होतं तिथली जागा तिने घासून पुसून रिकामीच ठेवली आहे.

आज सकाळी जिन्यात नर्सबाई. मी बाजूला होऊन वाट दिली तर त्या थांबल्या.

"काका, राग मानू नका," म्हणाल्या, "पण तुम्ही तरी काकूंवर लक्ष ठेवायला हवं होतं. वयाप्रमाणे होतं असं. एकट्याने सगळं ओढतात त्या."

"हो," मी म्हणालो. "ठेवायला हवं होतं."

वर आलो. दार उघडंच होतं. ही स्वयंपाकघरात केकची भांडी काढून कपड्यात गुंडाळून ठेवत होती, बरेच दिवस लागणार नाहीत अशा बेताने. तिने वळून पाहिलं नाही. मी चपला काढल्याच नव्हत्या. तसाच परत खाली गेलो आणि त्यांची बेल वाजवली.

दार नर्सबाईंनी उघडलं. मागे तो मुलगा जमिनीवर चित्र काढत बसला होता. मी उंबऱ्याबाहेरच उभं राहून सांगितलं की पाणी मी घातलं होतं. तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, केक खाली आला तेव्हाही, आणि तुम्ही मला साथीबद्दल सांगितलंत तेव्हाही.

त्यांनी मागे वळून मुलाकडे पाहिलं. मग नर्ससारखे प्रश्न विचारले. किती थेंब, नंतर किती वेळा धुतलं, इतर कोणाला काही झालं का. "साथच होती बहुतेक," म्हणाल्या, "पण त्या रविवारी त्याला घेऊन बसले होते तेव्हा हे मला कळायला हवं होतं. तुम्ही एक मजला वर होतात."

मी मान हलवली.

"मग काकूंनी स्वतःचं नाव का घेतलं?"

"माहीत नाही."

"मग वर जाऊन विचारा त्यांना," त्या म्हणाल्या आणि हळूच दार लावून घेतलं.

अजून विचारलेलं नाही. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आलो. विचारलं तर ती खरं सांगेल, याची भीती वाटते. आत भांडी गुंडाळून झाली आहेत, आता ती वरची फळी पुसते आहे.